सहा बोटांची चूक

लेव्हलताईचा मोठा भाऊ एका रविवारी तिच्याकडे आला, जेवला आणि एकही टोमणा न मारता निघून गेला. तेव्हाच तिने ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

गेल्या बावीस वर्षांत असा रविवार उगवला नव्हता. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि दादाचा कार्यक्रम पहिल्या मजल्यापासूनच सुरू व्हायचा. "झाली का गं टीव्ही बघून, की आज ओव्हरटाइम आहे?" हा आवाज आधी वर यायचा, मागून दादा, आणि त्याच्याही मागून, एकेक पायरी मोजत, वहिनी. ताई एका मोठ्या इस्पितळात हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होती. रुग्णाच्या शिरेत, धमनीत, छातीवर ज्या नळ्या आणि तारा जोडतात त्या सगळ्यांचा कारभार तिच्याकडे, आणि मॉनिटरवरच्या आकड्यांवर डोळा ठेवणं हे तिचं काम. दादा गवंडी. त्याच्या मते जगात दोनच तऱ्हेची माणसं: भिंत बांधणारी आणि बांधलेल्या भिंतीला टेकून बसणारी. सख्खी बहीण दुसऱ्या गटात गेली याचं त्याला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की तो गप्प बसत नसे.

त्या रविवारी मात्र तो प्रत्येक मजल्यावर थांबला. दारात आला तेव्हा तोंडाने श्वास घेत होता. सदऱ्याची पोटावरची दोन बटणं उघडी होती आणि चपलेचे पट्टे पायांत रुतले होते. वर्षभर तो पोटाच्या डॉक्टरकडे खेपा घालत होता, कारण पोटात पाणी झालं होतं. पोटाचा डॉक्टर पोट बघत होता, त्यात त्याची काही चूक नाही. पण ताईने ताटावर वाकलेल्या दादाची मान बघितली. मानेच्या शिरा तिच्या करंगळीएवढ्या तट्ट फुगल्या होत्या. त्याने श्वास आत घेतला की त्या खाली बसायच्या सोडून आणखी वर यायच्या. ताईचं जेवण तिथेच संपलं.

"दादा, उद्या माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली.

"कुठे?"

"टीव्ही बघायला."

एवढा लोण्यासारखा झेल हातात दिला, तरी तो काही बोलला नाही. नुसता हो म्हणाला. मग मात्र ती खरोखर घाबरली.

लेव्हलताई हे नाव तिला थिएटरने दिलेलं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी काडेपेटीएवढ्या एका डबीला जोडतात. डबी शिरेतला दाब मोजते आणि आकडा पडद्यावर पाठवते. हृदयाकडे परतणारं रक्त सुखाने आत जातंय की दारात तुंबून राहिलंय, ते या आकड्यावरून कळतं. डबीची अट एकच. ती रुग्णाच्या हृदयाच्या बरोबर रेषेत हवी. डबी वर राहिली तर आकडा खोटाच कमी दिसतो, खाली राहिली तर खोटाच जास्त. बाकीचे टेक्निशियन ही रेषा डोळ्यांनी धरायचे. ताई नळीने धरायची.

ही नळी तिच्या वडिलांची. तेही गवंडीच. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन टोकं दोन कोपऱ्यांत धरली की पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीवर उभं राहतं, मग भिंतीचा मालक काहीही म्हणो. वडील थकले तेव्हा थापी, ओळंबा, रंधा सगळं दादाकडे गेलं. नळी कोणालाच नको होती, कारण दादाने बुडबुड्याची नवीन पाणसळ घेतली होती. ताईने ती उचलली, हातभर तुकडा कापून घेतला आणि रोज सकाळी स्पिरिटने पुसून एप्रनच्या खिशात ठेवायला लागली. एक टोक रुग्णाच्या छातीशी, दुसरं डबीशी. पहिल्या दिवशी थिएटर पोट धरधरून हसलं होतं. कोणी म्हणालं, सिमेंट कधी आणताय?

हसणं थांबलं ते मोठ्या साहेबांमुळे. मोठे साहेब म्हणजे तिथले मुख्य सर्जन, हात सोन्याचे आणि तोंड फाटकं. एकदा ऑपरेशनच्या मधेच त्यांनी टेबल पायाने वर उचललं आणि लगेच पडद्याकडे बघून ओरडले, "हा दाब एवढा का वाढला?"

"टेबल वर घेतलंत, मला सांगितलं नाहीत," ताई म्हणाली. "माझी डबी खालीच राहिली. आता पडद्यावर जे दिसतंय त्याला हवामानाचा अंदाज समजा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, आणि पुन्हा छातीत डोकं घातलं. तेव्हापासून ते टेबल हलवायच्या आधी "ताई, वर" किंवा "ताई, खाली" असं पुकारायला लागले. साहेब पुकारतात म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद. ताईने मग अतिदक्षता विभागातल्या भिंतीवरही स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला: पलंग हलला की डबी हलवा. विसरलात तर मला तोंड दाखवू नका.

या कागदापायी तिने दोन नर्सना रडवलं होतं आणि एका डॉक्टरला घामाघूम केलं होतं. घरीही तेच. भिंतीवरची एकही चौकट केसभर तिरपी चालायची नाही. नवरा म्हणायचा, मी एखाद्या दिवशी चक्कर येऊन पडलो तर ही आधी माझा कोन मोजेल.

दादाच्या तपासण्या झाल्या. पोट निर्दोष निघालं, गुन्हेगार वर होता. बारा वर्षांपूर्वी दादाला क्षय झाला होता, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठलं होतं. औषधांनी क्षय गेला, पाणी गेलं, पण पिशवी मागे जाड होत राहिली. आता तिच्यावर चक्क कॅल्शियमचे थर चढले होते आणि हृदय त्या कवचात आवळून बसलं होतं. त्याला फुलायला जागाच नव्हती. फुलत नाही म्हणून भरत नाही, भरत नाही म्हणून रक्त मागे तुंबतं आणि पाणी पोटात, पायांत उतरतं.

"म्हणजे चुना चढला," दादा म्हणाला. "जन्मभर लोकांच्या भिंतींना लावला, शेवटी घरातच लागला."

मोठ्या साहेबांनी उपाय सांगितला. छाती उघडायची आणि ते कवच हृदयावरून तासून काढायचं.

"जुना गिलावा खरवडायचा आणि विटेला धक्का लावायचा नाही," दादा म्हणाला. "पोरं कामाला लावू नका साहेब. स्वतः करा. पोरं वीट फोडतात."

साहेबांना असला रुग्ण बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. "स्वतःच करतो," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ताई दादाच्या पलंगाशी बसली आणि तिने त्याला सगळं उलगडून सांगितलं. खिशातली नळी काढली. एक टोक त्याच्या छातीच्या बाजूला, मधल्या रेषेवर, दुसरं स्टँडवरच्या डबीशी. दादाने नळी ओळखली. तिच्या एका टोकाशी वडिलांनी दाताने चावलेल्या खुणा होत्या, त्यांवरून त्याने अंगठा फिरवला.

"एवढंच?" तो म्हणाला. "बावीस वर्षं एवढंच करतेस?"

"एवढंच."

"आणि हे चुकलं तर?"

"तर आकडा खोटं बोलतो आणि डॉक्टर खऱ्यासारखं वागतात."

दादा विचारात पडला. धाप लागत असल्यामुळे त्याला विचार करायला आता वेळच वेळ होता. थोड्या वेळाने म्हणाला, "भिंतीचंही तसंच. पाया तिरपा असेल तर वरची प्रत्येक वीट प्रामाणिकपणे तिरपी लागते." बहिणीच्या कामाबद्दल त्याने काढलेले हे पहिले बरे उद्गार. त्यात कौतुक होतं की नव्हतं हे ताईला नीट कळलं नाही, पण तिने ते ठेवून घेतले.

आता प्रश्न होता तो पडद्यासमोर कोण बसणार याचा. स्वतःच्या माणसाच्या ऑपरेशनला बसू नये असा अलिखित नियम. भूल देणाऱ्या मॅडम ताईला तेच समजवायला गेल्या.

"दुसरं कोणी बसलं तर मी दाराबाहेर बसेन आणि दर दोन मिनिटांनी आत डोकं घालेन," ताई म्हणाली. "त्यापेक्षा मीच बरी."

मोठे साहेब हात धूत होते. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "बस तू. पण बहिणीला बाहेर ठेवून ये."

तिने ठेवलं. खरोखर ठेवलं. तोंडावर मास्क चढवला आणि समोरच्या हिरव्या चादरीखाली कोणीतरी एक गवंडी आहे असं धरून ती चार तास बसली.

हे ऑपरेशन म्हणजे सर्जनच्या हातांचं आणि पडद्यासमोरच्या माणसाच्या तोंडाचं काम. कवच तासायचं तर हृदय जरा उचलावं लागतं, बाजूला सारावं लागतं. उचललं की ते बिचकतं. कधी ठोके चुकवतं, कधी रक्त फेकणंच विसरतं. सर्जनची नजर पातीवर असते, पडद्यावर नसते. म्हणून धमनीतल्या रक्तदाबाचे आकडे मोठ्याने पुकारायचे.

"नव्वद," ताई म्हणत होती. "पंच्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. साहेब, सत्तर. सोडा."

साहेब हात सैल करायचे. हृदय जागेवर बसायचं.

"ऐंशी. शहाण्णव. चालू द्या."

असं शंभरदा झालं असेल. एकदा तिने "साहेब, साठ" म्हटलं आणि साहेब म्हणाले, "एक मिनिट, एवढा तुकडा निघतोय." ताई म्हणाली, "तुकडा पळून जात नाही, माणूस जाईल. सोडा." साहेबांनी एक शिवी हासडली आणि सोडलं. ठोके वेडेवाकडे पडायला लागले की ती तेही सांगायची आणि ते थांबायचे. भूलवाल्या मॅडम अन्ननळीतून उतरवलेल्या सोनोग्राफीच्या नळीने हृदय मागच्या बाजूने बघत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "डावी बाजू फुलायला लागली." ट्रेमध्ये पांढरे, कडक, अंड्याच्या जाड टरफलासारखे तुकडे जमत होते. सुरुवातीला मानेच्या शिरेतला दाब बावीस होता. शेवटचा मोठा तुकडा निघाला, तेव्हा आकडा ताईच्या डोळ्यांसमोर उतरत गेला. अठरा, पंधरा, बारा, अकरा.

"अकरा," ती म्हणाली, आणि आवाज जरा फुटलाच. बहीण दारातून डोकावली होती. ताईने तिला पुन्हा बाहेर ढकललं.

मोकळं केलं म्हणजे झालं असं नसतं. इतकी वर्षं आवळलेल्या हृदयाला एकदम जागा मिळते आणि त्याचे स्नायू दुबळे झालेले असतात. जरा जास्त सलाइन गेलं तर ते भलतंच फुगतं आणि दमून बसतं. म्हणून पुढचे काही दिवस पाणी मोजूनमापून, औषधाचा थेंबाथेंबाने टेकू, आणि दर तासाला आकडे. शिवाय छातीत साठणारं रक्त बाहेर यावं म्हणून एक जाड नळी छातीतून खाली बाटलीत सोडलेली. बाटली भराभर भरली तर रक्तस्राव. एकाएकी कोरडी पडली तर त्याहून वाईट, कारण नळीत गुठळी अडकली असेल तर रक्त आतच साठतं आणि हृदयाला नव्याने आवळतं. नवखी माणसं कोरडी बाटली बघून खूश होतात. ताई अशांना फाडून खायची.

दुसऱ्या दिवशी दादा अतिदक्षता विभागात शुद्धीवर होता, श्वासाची नळी निघाली होती. पण दुपारपासून ताईच्या मनाला काहीतरी खटकत होतं. मानेच्या शिरेचा दाब बारावरून चौदा झाला, मग सोळा. बाटलीत येणारं रक्त मंदावलं होतं. ती ड्युटी संपवूनही तिथेच घोटाळत राहिली आणि चार वाजता भेटीच्या वेळेला वहिनी आली.

वहिनीची उंची फार तर दीड मीटर. पलंग उंच, त्याला कठडे. वहिनी टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिला दादाची हनुवटीच दिसत होती. त्याला तिचा फक्त अंबाडा दिसत असणार. तिने कठड्यावरून हात घातला, तो त्याच्या खांद्यापर्यंतही पोहोचेना. बावीस वर्षांपूर्वी, ताईला पहिल्या नोकरीच्या दिवशी नेसायला स्वतःची ठेवणीतली साडी देणारी ही वहिनी. ती पलंगाशी उड्या मारायच्या बेतात आहे हे बघून ताईला एकदम भडभडून आलं.

तिने पलंगाची कळ दाबली. पलंग गुरगुरत खाली आला. वहिनीचा हात दादाच्या गालावर पोहोचला. ताईने पाठ फिरवली आणि खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाक्या बघत राहिली.

वहिनी गेल्यावर ती वळली. पडद्यावर आठ.

"आठ!" ताई म्हणाली. "सोळाचं आठ झालं!"

"वहिनींच्या हाताचा गुण," नर्स म्हणाली. "आणि ताई, बाटलीपण कोरडी. सगळं थांबलं."

ताईने दुपारपासून मनात धरून ठेवलेली सगळी भीती खाली ठेवली. गुठळी असती तर दाब वाढला असता, तो तर उतरला. नर्सला फाडून खायचं सोडून ती तिच्याबरोबर हसली. एरवी सोळाचं आठ झालं असं कोणी सांगितलं असतं, तर तिने आधी खिशातून नळी काढली असती. त्या दिवशी तिला आठ हवे होते आणि आठ मिळाले होते.

अर्ध्या तासाने धमनीतला दाब एकशे दहावरून पंच्याण्णव झाला. मग अठ्ठ्याऐंशी. ही डबी दंडालाच बांधलेली होती, पलंगाबरोबर खाली-वर जाणारी, तिचा आकडा खरा होता. ठोके एकशे वीस. लघवीची पिशवी तासभर जिथल्या तिथे. नव्याने रुजू झालेली डॉक्टर धावत आली. हुशार मुलगी, पुस्तक पाठ.

"रक्तदाब कमी, शिरेतला दाबही कमी, नऊ," ती म्हणाली. "म्हणजे रक्त अपुरं पडतंय. सलाइन वाढवूया."

आकड्यांप्रमाणे तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. नर्सने सलाइनची बाटली आणली. ताईने दादाकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ फिके, हात गार. ती त्याच्या तोंडाशी वाकली.

"दादा, काय होतंय?"

त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. ते तिच्या खांद्यावरून पलीकडे, स्टँडकडे लागले होते. एक डोळा त्याने अर्धवट मिटला होता. भिंतीची रेघ बघताना तो असाच एक डोळा मिटायचा.

"तुझी... डबी..." तो म्हणाला. मधे श्वास घेतला. "वर आहे."

ताईला वाटलं, बरळतोय.

"सहा बोटं," दादा म्हणाला. पुन्हा श्वास. "सहा बोटं वर. लेव्हलताई म्हणे."

ताईने वळून बघितलं. डबी सकाळी ज्या उंचीवर होती तिथेच स्टँडवर बसली होती. पलंग खाली गेला होता. तिच्यामागच्या भिंतीवर तिचाच कागद, तिच्याच अक्षरात.

तिने खिशातून नळी काढली, एक टोक दादाच्या छातीशी, दुसरं स्टँडशी, आणि स्क्रू सैल करून डबी खाली आणली. बरोबर सहा बोटं. पडद्यावरचा आकडा थरथरला आणि वर चढला. सतरा.

"सलाइन थांबवा!" ती ओरडली. "हा रिकामा नाही, आवळला जातोय. छातीतली नळी तुंबलीय. मॅडमना बोलवा, सोनोग्राफी घेऊन या. साहेबांना फोन करा, जिथे असतील तिथून उचला."

नव्या डॉक्टरला क्षणभर काही कळेना. मग तिने सतराकडे बघितलं, कोरड्या बाटलीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पण मुलगी कामाची. तिने स्वतः छातीची नळी दाबून पिळायला घेतली. एक काळपट लांब गुठळी जराशी सरकली, पाठोपाठ थोडं रक्त आलं, आणि पुन्हा थांबलं. तेवढ्यानेही शिरेतला दाब दोन आकड्यांनी उतरला. मॅडमनी सोनोग्राफीत बघितलं: हृदयाच्या उजव्या बाजूला रक्ताचा गोळा बसला होता. दहा मिनिटांत दादा पुन्हा थिएटरच्या दारात होता.

मोठे साहेब टोपी बांधत आले. "पडद्यासमोर कोण?"

"दुसरा माणूस बसवलाय," ताई म्हणाली. "मी नाही येत. आज मला बहिणीला बाहेर ठेवता यायचं नाही."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ते आत गेले.

बाहेरच्या बाकड्यावर वहिनी होती. घरी पोहोचायच्या आतच तिला परत बोलावलं होतं. ताई तिच्याशेजारी बसली आणि तिने सरळ सांगून टाकलं. पलंग मी खाली केला. डबी खाली करायला विसरले. अर्धा तास खोटा आकडा बघत बसले, आणि वर खूशही झाले. दादाला काही झालं तर ते माझ्या हातून झालं.

वहिनी म्हणाली, "माझ्यासाठी खाली केलास ना?"

"हो."

"एक स्टूल द्यायचंस."

"हो," ताई म्हणाली, आणि मग ती रडली. मोठ्याने, नाक शिंकरत, इस्पितळातल्या बाकीच्या नातेवाइकांसारखीच. बावीस वर्षं ती त्या दाराच्या आतच बसली होती. या बाजूचं बाकडं एवढं टणक असतं हे तिला ठाऊक नव्हतं.

पाऊण तासाने साहेब बाहेर आले. मूठभर गुठळी निघाली होती, रक्त गळणारी बारीक शीर शिवली होती, दाब बारा. "तुझा भाऊ भूल चढेपर्यंत मला सांगत होता की टाके एका ओळीत घाला," ते म्हणाले. "आता सांग, पलंग कोणी खाली केला?"

"मी."

"नर्सने केला असता तर तू काय केलं असतंस?"

"फाडून खाल्लं असतं."

"मग खा स्वतःला," साहेब म्हणाले, "पण आजच. उद्या सकाळी सातला मला तू टेबलापाशी हवी आहेस."

त्या संध्याकाळी तिने घटनांच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली, स्वतःच्या हुद्द्यासकट. नव्या डॉक्टरचं नाव तिने त्यात कुठेही येऊ दिलं नाही. भिंतीवरचा कागद काढला आणि दुसरा लावला: पलंग हलला की डबी हलवा. विसरलात तर लगेच सांगा. मीही विसरले होते. आणि प्रत्येक पलंगाखाली एकेक स्टूल आलं. ते तिने भांडून मिळवलं.

दादाला घरी सोडायला आणखी अकरा दिवस लागले. पोटातलं पाणी ओसरलं, पायांना घोटे दिसायला लागले. वहिनीने सांगितलं, रात्री सपाट झोपतो आणि घोरतो, देवाशपथ कधी नव्हे ते घोरणं गोड वाटलं. पुढचे तीन महिने ताईच त्याच्याकडे जात राहिली. त्या काळात दोघांपैकी कोणीही सहा बोटांचा विषय काढला नाही. दादाने काढला नाही म्हणून ताईला जास्तच टोचत होतं. त्याने मनात काय धरलंय, धरलंय की नाही, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

मग एका रविवारी ती स्वयंपाकघरात असताना जिन्यात पावलं वाजली. दादाची आणि मागून वहिनीची. ती गॅस बंद करून दाराआड येऊन उभी राहिली आणि सवयीने मोजायला लागली. पहिला मजला. पावलं थांबली नाहीत. दुसरा. नाही थांबली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे, जिथे शेजाऱ्यांनी सायकल लावून ठेवलेली असते, तिथून आवाज आला. खणखणीत, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा, आणि एका दमात:

"काय गं लेव्हलताई, बघून झाली का टीव्ही, की अजून सहा बोटं वरच बसलीयेस, अख्ख्या गवंड्याच्या घराण्यात एकच पोरगी शिकली आणि तिला पलंग आणि डबी सरळ रेषेत धरता येत नाही, बापाने नळी कोणाला दिली म्हणावं!"

शेजारच्या दारातून कोणीतरी डोकं बाहेर काढलं. ताई दाराला टेकून उभी होती. तिने मनातल्या मनात शब्द मोजले. चौतीस भरले, आणि मधे एकदाही श्वास घेतला नव्हता.

तिने दार उघडलं. दादा समोर उभा होता, मान सरळ, शिरा खाली बसलेल्या.

"पुन्हा म्हण," ताई म्हणाली.